आधी पाय बघायचे

जपानी कार्टून मालिकांतले दोन तलवारबाज, 'वन पीस'मधला झोरो आणि 'ब्लीच'मधला इचिगो, समोरासमोर आले तर जिंकेल कोण, हा खटला आमच्या शहापूरच्या गल्लीत कैक पावसाळे पडून आहे. बेळगावचा पाऊस एकदा लागला की पोरांना कट्टा सोडून जायला जागा नसते. मग पत्र्याखाली बसून जपानी तलवारी उपसल्या जातात. माझा भाचा इचिगोचा वकील. त्याचा युक्तिवाद एका ओळीचा: "बँकाई काढली की विषय संपला की मामा!" बँकाई म्हणजे इचिगोच्या तलवारीचं शेवटचं, सगळ्यांत ताकदवान रूप.

माझं घोडं तिथंच अडतं. विषय संपला तर तुलना कसली करायची?

मुळात एकाची पॉवर दुसऱ्याच्या दुनियेत चालते का, हेच आधी ठरत नाही. 'डीमन स्लेअर' मालिकेतल्या तांजिरोची निचिरिन तलवार राक्षसाची मान उडवण्यासाठी घडवलेली. झोरोसारख्या हाडामांसाच्या माणसापुढं ती नुसतीच एक चांगली तलवार. उलट इचिगो शिनिगामीच्या, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे सांभाळणाऱ्या यमदूताच्या रूपात आला तर साध्या माणसाला तो दिसतच नाही. मग झोरोला तो दिसेल का? यावर अख्खी दुपार गेली. शेवटी भाच्याचा कन्नड मित्र "बिडरी मामा" (सोडा हो मामा) म्हणत उठून चहा आणायला गेला.

असल्या वादाला पोरकट म्हणणाऱ्यांना मी शांतिपर्वाकडं पाठवतो. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना नकुल काय विचारतो, तर लोक धनुष्याला सगळ्यांत श्रेष्ठ शस्त्र म्हणतात, पण मला तलवारच श्रेष्ठ वाटते, तुमचं मत काय? आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. धनुष्य मोडलं, घोडे खचले, तरी तलवार चालवता येणारा स्वतःला वाचवू शकतो. एवढं युद्ध झालं, दिव्य अस्त्रांनी आकाश भरून गेलं, आणि नकुल विचार करतो तो सगळं मोडल्यानंतर हातात काय उरतं याचा. आमच्या कट्ट्यावर असा एक माणूस बसायला हवा होता.

तसा एक आहे म्हणा. गल्लीच्या टोकाला राहणारे वस्ताद. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात रात्रभर चित्ररथ चालतात, तेव्हा ट्रॉलीवर प्रतापगड उभा करणाऱ्या पोरांना तेच तयार करतात. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे सगळ्यांना पाठ असतं. पण हलत्या ट्रॉलीवर, अफझलखानाच्या शामियान्याला लाथ न लागू देता, जिवा महालानं सय्यद बंडावर वार कसा करायचा, हे शिकवावं लागतं. वस्ताद पट्टा लवकर हातात देत नाहीत. आधी लाठी, मग फरी-गदगा (ढाल आणि काठी), आणि सगळ्याच्या आधी पवित्रे. पट्ट्याची मूठ खोबणीत बंद. हात कोपरापर्यंत पोलादात अडकलेला, म्हणजे मनगट वळत नाही. लवलवतं लांब पातं खांद्यानं आणि कोपरानं फिरवायचं. पाय चुकला तर पहिला घाव स्वतःलाच.

भाच्यानं त्यांना मोबाइलवर झोरो दाखवला. दोन हातांत दोन, तिसरी दातांत. वस्तादांनी चष्मा वर केला, क्लिप दोनदा बघितली आणि म्हणाले, "तोंडातली टाकाय सांग त्याला. पहिल्या ठोक्याला जबडा हातात येतोय." मग थोडं थांबून, "पण पाय बरे हाईत."

इचिगोची क्लिप त्यांनी निम्म्यातच परत दिली. "हे काय बघालास? ह्यात पाय कुठं हाईत? उडालाय नुसता."

तेव्हापासून मी पायांचा नियम लावतो, आणि त्यानं बरेच खटले निकाली निघतात. 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या ओबी-वान आणि त्याचा चेला अनाकिनचंच बघा. दोघांच्या हातात प्रकाशाची तलवार, दोघांना पुढचं आधी कळणारी तीच शक्ती. निकाल कशावर लागला? ओबी-वान उंचावर उभा होता, आणि अनाकिननं तरी उडी मारली. दोन पाय आणि एक हात गेला. मावळ्यांनी घाटमाथ्यावर शत्रूला असंच तर गाठलं. खानापूरच्या जंगलात वाट चुकून चढण चढलेल्या कुणालाही हे पटेल.

दुसरा नियम माझा स्वतःचा: कसब मोजायचं तर ते किती महाग पडलं ते विचारायचं. बँकाई पक्की व्हायला भल्याभल्यांना दहा-दहा वर्षं लागतात, असं त्याच गोष्टीत सांगितलंय, आणि इचिगो ती तीन दिवसांच्या आत काढतो. नायकाला सवलत असते, कबूल. पण सवलतीला मी कसब म्हणणार नाही. तांजिरोचं बरं आहे. राक्षसांच्या मागं निघण्याआधी दोन वर्षं डोंगरात घाम गाळून शिळा कापायला शिकला. नंतर त्याच्या नाकाला वार कुठं करायचा तो धागा हुंगता येतो, तर येऊ दे. ते नाक त्याचं आधीपासूनच होतं. आणि झोरो? लहानपणी कुइना नावाच्या एका मुलीकडून तो 2001 वेळा हरला. एकदाही जिंकला नाही. मग मिहॉक या जगातल्या सगळ्यांत मोठ्या तलवारबाजापुढं हरला तेव्हा वळून पळाला नाही, छाती पुढं केली, कारण पाठीवरचा वण तलवारबाजाला लाज आणतो. सैतानी फळ खाऊन ताकद मिळवणाऱ्यांच्या जगात हा ते फळ न खाताच राहिला. 2001 वेळा हरलेल्या माणसाचे पाय मला तरी भरवशाचे वाटतात.

तर माझी यादी अशी: झोरो पहिला, तांजिरो दुसरा, ओबी-वान तिसरा (तो खरं तर लढण्यापेक्षा टाळण्यात हुशार, आणि ते मला आवडतं), इचिगो शेवटी. भाच्याला हे मान्य नाही. पॉवर काढून घेऊन इचिगोला बोलवायचं म्हणजे हात बांधून कुस्ती लावल्यासारखं आहे, असं तो म्हणतो, आणि यात थोडं तथ्य आहे. आता त्यानं नवी अट घातली आहे. पॉवर सगळ्यांना द्यायची, पण लढाई शिवजयंतीच्या ट्रॉलीवर, मिरवणूक चालू असताना. उडायचं नाही, डीजेच्या भिंतीला धक्का नाही, ट्रॉलीवरून पडला तो बाद. वस्ताद म्हणाले, ट्रॅक्टर कोण चालवणार ते आधी सांगा.