झोपेसाठी घरातला उजेड बदलताना

झोप येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा गोळीचं नाव निघण्याआधी त्यांनी विचारलं, "दिवेलागणीनंतर घरात कोणते दिवे लावता?" आमच्याकडे सगळीकडे पांढरे एलईडी. खोक्यांवर ६५०० केल्विन छापलेलं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर पांढरा. दुकानदार 'पांढरा की पिवळा' एवढंच विचारतो आणि आपण पांढरा घेतो, घर लखलखीत दिसतं म्हणून.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं असतं. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने त्या सर्वांत जास्त चेततात. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर, म्हणजे निळा भाग त्यात आलाच. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात झोपण्याआधीच्या काही तासांत २०० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) कमी, म्हणजे आपल्या हॉलमध्ये असतो तेवढ्याच उजेडाने मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, स्रवण्याचा काळ सुमारे दीड तासाने घटला होता. दीड तास! मी ते ऐकून थक्क झाले.

त्याच आठवड्यात हॉल आणि बेडरूममधले दिवे बदलले. २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर, आणि कमी वॉटचे. जेवणं आटोपली की छतावरचे दिवे बंद, फक्त कोपऱ्यातला टेबललॅम्प चालू. मुलांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली.

बेडरूममध्ये काळोख करणं मात्र चिकाटीचं काम निघालं. जाड अस्तराचे पडदे लावले, तरी रस्त्यावरच्या दिव्याची पट्टी वरून आणि कडेने आत यायचीच. शेवटी सुताराकडून दांडी चौकटीच्या बाहेर वीतभर वाढवून घेतली आणि वर पेल्मेट, म्हणजे पडद्याच्या वरची फट झाकणारी फळी, बसवला. एसीचा हिरवा आकडा आणि चार्जरचा ठिपका वायरिंगच्या काळ्या टेपने झाकला. मे महिन्यात पडदा ओढला की वारा बंद होतो आणि जीव गुदमरतो, तेव्हा मी पडदा उघडा ठेवून डोळ्यांवर सुती पट्टी बांधते. मिटलेल्या पापण्यांतूनही उजेड झिरपतो, त्यामुळे पट्टीचा फरक खरंच जाणवतो.

सासूबाईंना हा काळोख मान्य नव्हता. "अगं, रात्री उठल्यावर पाय कुठे पडतो ते दिसायला नको का?" त्यांचं म्हणणं रास्तच होतं. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर झोपेचा प्रश्न किरकोळ वाटेल. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत तांबूस उजेडाचे छोटे सेन्सरचे दिवे लावले. माणूस हलला की लागतात, एरवी बंद. रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब काढायला मग त्यांनीच सांगितलं.

तरीही माझ्यावर सर्वांत मोठा परिणाम सकाळने केला, आणि हे मी भेटेल त्याला सांगते. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने, निळ्या भागाला झुकतं माप देणाऱ्या लक्सच्या हिशोबात, दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० लक्स, झोपेआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत १ पेक्षा कमी, असं सुचवलं. आपण दिवसभर घरात आणि ऑफिसात अंधुक उजेडात बसतो आणि रात्री लखलखाट करतो. पावसाळी ढगाळ आकाशाखालीसुद्धा हजारो लक्स मिळतात. म्हणून उठल्याबरोबर चहा घेऊन मी गच्चीवर जाते, सूर्य दिसो वा न दिसो. काही आठवड्यांनी रात्री डोळे आपोआप जड होऊ लागले.

पण झोप लागल्यावर पहाटे तीनला येणारी जाग प्रकाशाने गेली नाही. डॉक्टरांनी त्यासाठी निद्रानाशाची सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती, सुरू केली, जी २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही तिथल्या डॉक्टरांची संघटना प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सुचवतं. रोज उठायची वेळ एकच. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, घड्याळ पाहायचं नाही. पलंगावरचे तास आधी कमी करून मग हळूहळू वाढवायचे. सुरुवातीचे दिवस फार जड गेले, दुपारी डोकं सुन्न व्हायचं. त्या दिवसांत रात्री उठल्यावर पांढरा ट्यूबलाइट न लावता पिवळ्या टेबललॅम्पपाशी बसता आलं, ही दिवे बदलण्याची खरी मदत होती. आठवड्यातून तीन-चार रात्री, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झोप लागत नसेल किंवा मोडत असेल, तर पडदे घेण्याबरोबरच डॉक्टरांची वेळही घ्या.