नेढं

आमच्या घरी हातोडा बाबांच्या हातात असायचा आणि घण आईच्या. उमरेडकडच्या आमच्या गावात घरासमोरच भट्टी होती. बाबा ऐरणीपाशी उकिडवे बसायचे, डाव्या हातात सांडशी, उजव्यात दीड किलोचा हातोडा. आई समोर उभी, पदर कमरेला खोचलेला. बाबा हातोड्यानं जिथं टिचकी मारतील, बरोबर तिथं आईचा घण पडायचा. हातोडा नुसता ऐरणीवर वाजला की घण थांबायचा. बोलावं लागत नसे, आणि बोललेलं त्या आवाजात ऐकू तरी कुठं आलं असतं? मी भाता ओढायचे.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांची ऐरण मी नागपूरला आणली. मानेवाड्यातल्या घरामागे दहा बाय बाराचं टिनाचं शेड आहे, तिथं बाभळीच्या ओंडक्यात ती बसवलीय. दिवसा मी हिंगण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची ड्रॉइंगं काढते. रविवारी आणि संध्याकाळी भट्टी. विळे, खुरपी, सांडश्या बनवत आले, पण सगळं बाबांच्या हातोड्यानं. तो माझ्या हाताला जड पडतो. वीसेक मिनिटांत मूठ आवळली जाते, मग घाव तिरपे पडायला लागतात आणि कोपर रात्रभर ठणकतं. म्हणून या डिसेंबरात ठरवलं, स्वतःच्या हातापुरता हातोडा स्वतः घडवायचा.

इतवारीच्या लोहा ओळीतून ईएन ८ या पोलादाचा गोल बार आणला. व्यास ४० मिलीमीटर, लांबी १०० मिलीमीटर, काट्यावर ९८५ ग्रॅम. साध्या लोखंडाचा हातोडा करण्यात अर्थ नाही. त्यात कार्बन इतका कमी असतो, की पाणी देऊनही, म्हणजे लाल तापवून पाण्यानं एकदम थंड करूनही, तोंड कडक होत नाही आणि महिन्याभरात ते मशरूमसारखं पसरतं. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. पाणी घेतं, आणि हातोड्यासारख्या धक्के खाणाऱ्या वस्तूला लागणारा चिवटपणाही टिकवतं.

भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप आणि रेग्युलेटर लावलेला ब्लोअर. कोळसा लाकडीच वापरते. उमरेड, कामठीच्या खाणी इतक्या जवळ असताना लाकडी कशाला, असं लोक विचारतात. एक तर दगडी कोळशाचा धूर वस्तीत चालत नाही. दुसरं म्हणजे त्यातलं गंधक पोलादाला बाधतं. लाकडी कोळसा भराभर संपतो हे खरं. या एका हातोड्याला चौदा किलो लागला.

पण या सगळ्यापेक्षा मला नेढ्याबद्दल लिहायचंय. दांडा जिथून आरपार जातो ते भोक. ते ड्रिलनं पाडता येतं, पण मग तेवढं लोखंड कातरून वाया जातं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बारीक राहतात. तापवून सुंब्यानं, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी दांडीनं पाडलं, तर लोखंड बाजूला सरकतं. नेढ्याभोवती गाल फुगतात आणि जिथं ताण येणार तिथंच जाडी मिळते. बाहेर पडतो तो फक्त नखाएवढा तुकडा.

पहिला तुकडा मी वाया घालवला. गोल बार चौकोनी केला, मध्य काढला, खूणही थंड असतानाच छिन्नीनं खोल केली. तरी सुंबा धरताना तो अंगाकडे किंचित कलला. तेव्हा कळलं नाही. लंबगोल खुंटा घालून नेढं मोठं केलं आणि त्यात सरळ सळई घालून पाहिली, तर ती शंभर मिलीमीटरमागे तीन मिलीमीटर एका बाजूला जात होती. असा हातोडा प्रत्येक घावाला मनगट वळवायला लावतो. आठ तासांचं काम बाजूला ठेवलं.

त्याच आठवड्यात नायकुंडबद्दल पुन्हा वाचत बसले. पारशिवनीजवळ, पेंच नदीकाठी, १९७८ ते १९८० मध्ये तिथं उत्खनन झालं आणि लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराची. काटोल रोडवरचं जुनापाणी, माहुरझरी, बुटीबोरीकडचं टाकळघाट-खापा इथली दगडी वर्तुळं, म्हणजे कबरींभोवती रचलेले दगड, त्याच काळातल्या लोकांची. त्यांच्या कुऱ्हाडींना नेढं नाही. सपाट पातं दांड्याला लावून वरून लोखंडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांनी आवळलेलं. आपल्याच मातीतला, माझ्याच धंद्यातला कुणीतरी याच प्रश्नापुढे बसला होता: जड लोखंड लाकडाला कसं धरून ठेवायचं? त्यानं पट्टी घडवली. मी त्या पट्ट्यांच्या फोटोंकडे किती वेळ पाहत होते कोण जाणे.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी आईला बोलावलं. ती सहासष्ट वर्षांची आहे. भावाकडून आली ती तीन किलोचा घण घेऊनच.

काम संध्याकाळी सुरू केलं. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही, कमी तापलंय वाटतं आणि जाळून बसतो. पिवळं-नारिंगी झालं की बाहेर काढायचं, लाल गडद झालं की हात थांबवून परत भट्टीत. लाल गडद लोखंडावर सुंबा हाणला तर भेग जाते. मी सुंबा खुणेवर उभा केला. आई समोरून नाही, बाजूनं पाहत होती.

“इकडं कलते थे. तुह्याकडं,” ती म्हणाली.

मला तो सरळच दिसत होता. तिच्या सांगण्यावरून केसभर पुढे केला. पहिल्या वेळी मी नेमकं हेच चुकले होते. सुंबा धरणाऱ्याला त्याचा आपल्याकडचा कल दिसत नाही. तो बाजूला उभ्या माणसाला दिसतो. बाबांचं प्रत्येक नेढं सरळ कसं यायचं, ते मला चाळीस वर्षांची झाल्यावर त्या संध्याकाळी समजलं.

मग घण पडायला लागला. तीन-चार घाव, सुंबा बाहेर, पाण्यात, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी म्हणजे सुंबा अडकत नाही, पुन्हा तीन-चार घाव. तळाशी ऐरणीचा थंडावा लागल्यासारखं घट्ट वाटलं, की तुकडा उलटा करायचा. त्या बाजूला सुंब्याच्या टोकाएवढा काळसर डाग उमटलेला असतो. तिथून मारलं की तेवढाच तुकडा टप्पकन खाली पडतो. तो पडला तेव्हा मी हातातला हातोडा ऐरणीवर वाजवला. आईचा घण वर गेलेला होता. तो तिथंच थांबला आणि हळू खाली आला.

आम्ही दोघी काहीच बोललो नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भट्टीत कोळसा सारला.

बाकी घडाई दोन संध्याकाळींत झाली. एक तोंड चौकोनी, कडा गोल केलेल्या आणि मध्ये अगदी थोडा फुगवटा. सपाट तोंडाची कड लोखंडावर चंद्रकोरी पाडते, त्या नंतर घासूनही जात नाहीत. दुसरं टोक आडव्या धारेचं, लोखंड पसरवायला.

पाणी सकाळी दिलं. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांच्या सुमाराला. त्याहून थोडं वर नेलं आणि एकेक तोंड नळाच्या जोरदार धारेखाली धरलं. नुसतं बादलीत बुडवलं तर तोंडाभोवती वाफेचं कवच धरतं आणि पाणी लोखंडाला लागतच नाही. नेढ्याला पाणी लागू दिलं नाही, ते मऊच राहायला हवं. कानस तोंडावरून न चावता घसरली, म्हणजे ते कडक झालं, तेव्हा समाधान वाटलं. पण तसाच वापरला तर कपची उडून डोळ्यात जाईल. म्हणून कडकपणा थोडा उतरवायला लंबगोल खुंटा लालभडक करून नेढ्यात घातला. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर रंग नेढ्यापासून टोकांकडे सरकू लागले. आधी निळा, त्यापुढे जांभळा, त्यापुढे तपकिरी, आणि सगळ्यात पुढे गव्हाच्या काडीचा पिवळा. पिवळा दोन्ही तोंडांवर पोचला तसा हातोडा पाण्यात टाकला. ते दोन-तीन मिनिटं मी पापणी मिटली नसेन.

घासूनपुसून वजन भरलं ८५० ग्रॅम. दांडा धावड्याचा, आईनंच गावाकडून वाळलेला आणलेला. नेढं दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये चिंचोळं, त्यामुळे पाचर मारली की लाकूड वर फाकून घट्ट बसतं. या वेळी सळई सरळ गेली होती.

आईनं हातोडा घेतला, ऐरणीवर दोनदा सोडला, तो उसळून परत आला तशी मान हलवली. मग दांड्यावर माझी मूठ ठेवायला लावून मागं उरलेलं लाकूड पाहिलं.

“दोन बोटं जास्त हाय. काढून टाक.”

आरी घेतली आणि दोन बोटं कापली.