तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

“एवढं सगळं होऊनसुद्धा तुमचा येशूवर विश्वास कसा काय?” हे मला जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. इथल्या, इंदूरच्या भंवरकुआंच्या कोचिंगची पोरं रिकामा डबा परत देताना विचारतात. समोरच्या वहिनींनी तर एकदा सिलिंडरवाल्याला सुटे पैसे देता देता विचारलं. हे गेले, कर्ज राहिलं, मुलगा पुण्यात आणि मी पहाटे चारला कणीक मळते, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतंच. ते पुन्हा उगाळत नाही.

विश्वास आहे. पक्का आहे. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं वाचू नका.

भागत नाही, कारण तुम्हाला ‘कसा’ हवा असतो. आणि ‘कसा’ सांगायचं तर मला त्या गवाहीबद्दल बोलावं लागतं, जे मी आजवर टाळलं.

माझं माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 मध्ये आलं आणि आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे “तुम्ही मूळच्या कोण?” हाही प्रश्न कृपा करून नको. घरात पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं. 1994 ला लग्न होऊन इंदुरात आले. (आता नगरचं अहिल्यानगर झालंय. म्हणजे माहेर आणि सासर, दोन्ही एकाच बाईच्या छत्राखाली.) इथली उपासना हिंदीत. ‘सलाम’च्या जागी ‘जय मसीह की’, आणि साक्षीला म्हणतात गवाही. मंडळीसमोर उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. नगरला मी लाजून कधी उठले नव्हते. इंदूरने धीट केलं.

2016 पासून यांचं डायलिसिस. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. डाव्या हाताला फिस्टुला केलेला, म्हणजे धमनी आणि शीर जोडलेली. त्यावर तळहात ठेवला की आत मांजर घुरघुरतंय असं वाटायचं. घुरघुर आहे म्हणजे रक्त नीट वाहतंय. रात्री मी तिथेच हात ठेवून झोपायची. पाणी दिवसाला पाऊण लिटर, मे महिन्यातसुद्धा. यांनी स्टीलच्या पेल्याला खिळ्याने खूण करून घेतली होती. बटाटा चिरून पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचा. नारळपाणी बंद, केळं बंद. सगळं पाळत होतो आणि वर प्रार्थना. माझी प्रार्थना तेव्हा थोडी हुकूम सोडल्यासारखीच असायची.

फेब्रुवारी 2018. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो कचरा जो किडनी चालली की कमी होतो, कायम आठ-नऊच्या घरात. त्या गुरुवारच्या रिपोर्टवर 3.4. मी तीनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, नाव पाहिलं, वय पाहिलं. रविवारी पास्टर साहेबांनी विचारलं, किसी को गवाही देनी है? आणि मी उठले. कागद हातात धरून सांगितलं की प्रभूने माझ्या नवऱ्याची किडनी जिवंत केली. बायका रडल्या. हे खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, कृतज्ञतेने.

सोमवारी हे म्हणाले, “आज नको जाऊ या.” दोन वर्षं सुया टोचून घेणाऱ्या माणसाने एक दिवस मागितला. मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केला नाही. रविवारी एवढं बोलून सोमवारी परत मशीनवर नेलं असतं, तर माझ्या बोलण्याचं काय राहिलं असतं? हे मी तेव्हा असं शब्दांत मनाशी म्हटलं नव्हतं. पण होतं तेच.

बुधवारी रात्री यांना आडवं होता येईना. फुप्फुसात पाणी. रिक्षात हे माझ्या खांद्याला धरून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला खांदा ओढला जात होता. तातडीने डायलिसिस लावलं. तिथल्या टेक्निशियन मुलाने फाइल चाळली आणि सहज विचारलं, “आंटी, ये सैंपल कब का है?” नमुना मशीन लावायच्या आधी घ्यायचा असतो. त्या गुरुवारी तो मशीन बंद झाल्यावर घेतला गेला होता. मशीनने धुतलेल्या रक्तात क्रिएटिनिन खाली येतंच, आणि पुढच्या वेळेपर्यंत पुन्हा चढतं. 3.4 हा आकडा मशीनचा होता.

हे त्या वेळी वाचले. ऑगस्टमध्ये गेले, हृदयाने. चुकलेल्या सोमवारशी संबंध लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी लावते. त्या पहाटे कणकेसाठी उठले, सवयीने हात ठेवला, घुरघुर नव्हती.

नववी आज्ञा खोट्या साक्षीबद्दल आहे. मी खोटं बोलले का? मला तर खरंच वाटत होतं. पण मग सोमवारी फोन का केला नाही? इथे मी दर वेळी अडते.

लोक मला कॅथलिक नन राणी मारियांचा दाखला देतात. 1995 मध्ये उदयनगरजवळ बसमध्ये त्यांची हत्या झाली, मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने राखी बांधली, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये इथे इंदुरात त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. “तुमच्यात अशी माणसं असतात!” असतात. पण त्यांच्या बहिणीसमोर क्षमा करायला कुणीतरी होतं. मी कुणाला राखी बांधू?

त्या फेब्रुवारीतली मी आजच्या मला म्हणते, तू भेदरलीस, मागायचंच सोडलंस. ती अगदीच चुकीची नाही. यांच्यानंतर मी कुणाच्याही बरं होण्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केलेली नाही. हा विश्वास म्हणायचा की भीती, ते एखाद्या दिवशी कळतं, एखाद्या दिवशी नाही. स्तोत्र 88 मात्र वाचते. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीवर येतात, हे येत नाही. अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

आणि तुमचा ‘कसा’. त्या बुधवारी रात्री मी बाहेरच्या बाकावर बसले होते. प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून निघेना. फिनाइलचा वास, फडफडणारी ट्यूबलाइट, कुणाची तरी एकच चप्पल. आणि मी एकटी नव्हते. कशावरून, ते नाही सांगता येत. वास जसा आठवतो, तसंच तेही आठवतं. तुम्हाला हे पुरणार नाही, माहीत आहे. वहिनींनाही पुरलं नव्हतं.

गेल्या रविवारी गायनातली एक मुलगी उठली. तिच्या आईचा रिपोर्ट खूप खाली आला होता. कागद तिच्या हातात थरथरत होता. नमुना किती वाजता घेतला, एवढंच मला तिला विचारायचं होतं. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. बाहेर पडताना तिला जिन्यात गाठायचं ठरवलं होतं, पण ती आईला धरून हळूहळू उतरत होती आणि माझे डबे राहिले होते.