नोंद न झालेल्या तासांचा मोबदला

अमेरिकेतील वेतन आणि कामाच्या तासांविषयीचा मूळ संघीय कायदा, म्हणजे १९३८ चा ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’, कायद्यातून सूट नसलेल्या कर्मचाऱ्याला आठवड्यातील ४० तासांपुढील कामासाठी नेहमीच्या दराच्या किमान दीडपट मोबदला देणे मालकावर बंधनकारक करतो. ही तरतूद बहुतेकांना ठाऊक असते. तिच्याइतक्याच महत्त्वाच्या दुसऱ्या गोष्टीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, याची मला खंत वाटते. मालकाने सांगितलेले नसले, तरी त्याला माहीत असलेले किंवा माहीत असायला हवे असे काम हे कामच धरले जाते. पाळी संपल्यावर हिशेब पूर्ण करत बसणे, घरून कामाच्या ईमेलना उत्तरे देणे, दुकान उघडण्याआधी माल लावणे, हा सगळा वेळ मोजला गेला पाहिजे. ५ ते २० मिनिटांची छोटी विश्रांतीही पगारी वेळेतच धरली जाते. जेवणाची सुट्टी बिनपगारी ठरते ती कर्मचारी कामातून पूर्णपणे मोकळा असेल तरच.

परवानगीशिवाय जादा काम करू नये, असा नियम मालक करू शकतो आणि तो मोडणाऱ्याला समजही देऊ शकतो, पण झालेल्या कामाचे पैसे तो अडवू शकत नाही. नोंदी ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. तरीही प्रत्येकाने आपली वेळ रोज स्वतः लिहून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण थकीत वेतनाच्या दाव्याची मुदत २ वर्षे, आणि उल्लंघन जाणूनबुजून केलेले असेल तर ३ वर्षे, एवढीच असते. तक्रार केली म्हणून कामावरून काढणे हेही या कायद्याने बेकायदा ठरवले आहे.