पॅक ४२ दाखवतो, तरी चढावर अंधार: ३६ व्होल्टच्या बॅटरीची नोंदवही

६ जुलै

ठाण्यातला उपवन तलाव मागे टाकून येऊरचा चढ लागला की दुसऱ्या वळणावर माझी बॅटरीवरची सायकल बंद. गेल्या पंधरा दिवसांत ही चौथी वेळ. बंद पडते म्हणजे मोटर थांबतेच, पण डिस्प्लेही काळा होतो. उतरून अर्धा मिनिट थांबलं आणि बटण दाबलं की पुन्हा सुरू, आणि डिस्प्लेवर चार्जच्या पाचपैकी तीन काड्या जागच्या जागी. सपाटीवर, म्हणजे वर्तकनगर ते माजिवडा रोजच्या जाण्यायेण्यात, काहीच त्रास नाही.

बॅटरीचा पॅक २०२१ मध्ये घेतलेला. ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-तास. आत १८६५० आकाराचे ४० सेल आहेत, चार-चार समांतर जोडून केलेले दहा गट एकामागे एक. पूर्ण चार्ज म्हणजे प्रत्येक गट ४.२ आणि पॅक ४२ व्होल्ट.

चार्जर तपासला: मोकळा असताना बरोबर ४२.०. रात्रभर विसावलेला पॅक सकाळी ४१.८. कागदावर सगळं उत्तम.

९ जुलै

समोरच्या घरातले काका रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले. आकडे दाखवले तर एकच वाक्य बोलले: "अरे, लोड दिल्याशिवाय व्होल्टेज बघायचंच नाही." मी म्हटलं, "काका, लोड कुठून आणू?" त्यांनी भंगारवाल्याकडून गाडीचे जुने हेडलाइट आणायला सांगितले.

१२ व्होल्टचे, ५५ वॅटचे सहा हॅलोजन आणले. तीन एका माळेत, अशा दोन माळा समांतर. बल्ब फरशीवर मांडायचे, कारण काच चांगलीच तापते, आणि बॅटरीपासून हातभर लांब. क्लॅम्प मीटरवर ९.६ अँपिअर आले. माझा कंट्रोलर, म्हणजे मोटरला प्रवाह देणारा डबा, १५ अँपिअरचा आहे. मोटर २५० वॅटची म्हणतो तो सततचा आकडा. चढावर हळू चालताना ती ५०० वॅटच्या वर सहज ओढते. म्हणजे बल्बांची परीक्षा येऊरपेक्षा सोपीच.

तरी पहिल्याच मिनिटात एक गोष्ट सापडली. पॅकच्या बाहेरच्या कनेक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरची टोकं टेकवली तर तिथेच ०.९ व्होल्ट खाल्ले जात होते. ९.६ अँपिअरला हे आठ-नऊ वॅट होतात. १५ अँपिअरला २१ वॅट, म्हणजे साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास उष्णता, एवढ्याशा पिनवर. कनेक्टर सोडवला. धन पिन काळी पडलेली, मुळाशी हिरवट थर, भोवतीचं पिवळं प्लास्टिक एका बाजूनं तपकिरी होऊन किंचित बसलेलं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. पावसात रोज चालवणाऱ्यांनी हा सांधा महिन्यातून एकदा उघडून बघाच.

१२ जुलै

नवा कनेक्टर (एक्सटी-६०) बसवला. सोल्डर करताना नर आणि मादी एकमेकांत अडकवून ठेवले, नाहीतर उष्णतेनं पिना तिरक्या होतात. आता सांध्यावर ०.०२ व्होल्ट. ओढ लगेच जाणवली, सायकल मोकळी झाल्यासारखी.

१३ जुलै

येऊर. पुन्हा काळोख, फक्त एक वळण पुढे.

मग एक खूण लक्षात आली, जी मी आधीच वाचायला हवी होती. एकूण व्होल्टेज फार उतरलं म्हणून कंट्रोलर थांबला असता, तर मोटर गेली असती आणि डिस्प्ले चालू राहिला असता. डिस्प्लेसकट सगळं जातं तेव्हा पॅकच्या आतल्या बीएमएसनं, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटनं, वाट तोडलेली असते. आणि बीएमएस एकूण बेरजेबरोबर एकेक गटही बघतो. दहातला एकही गट खालच्या मर्यादेला लागला की सगळं बंद. डिस्प्लेच्या काड्या मात्र फक्त बेरजेवर चालतात.

२० जुलै

केसिंग उघडलं. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवलं. इथे धातू आडवा पडला तर वितळतो. बीएमएसला जाणाऱ्या बारीक तारांचा कनेक्टर: अकरा तारा, लगतच्या दोन तारांत एक गट. मीटरचं टोक घसरून दोन पिना एकत्र टेकू नयेत म्हणून टोकांना टेप गुंडाळून अगदी शेंडा उघडा ठेवला.

पूर्ण चार्जनंतरचे आकडे: नऊ गट ४.२० ते ४.२२. सहावा गट ३.९३.

बेरीज ४१.८. गेले पंधरा दिवस मी याच आकड्यावर निर्धास्त होतो. चार्जरला फक्त बेरीज दिसते, ती पुरी करण्यासाठी तो उरलेल्या नऊ गटांत जास्त भरतो. चार्जिंगच्या शेवटी ते ४.२३ पर्यंत गेलेले मी पाहिले. एक गट उपाशी आणि बाकीचे नऊ रोज मर्यादेच्या वर. एका चार्जमध्ये जाणारं अंतर कमी होण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

बल्ब लावल्यावर चांगले गट ०.११ नं उतरले, सहावा ०.१८ नं.

२९ जुलै

आता प्रश्न असा की सहावा गट नुसता मागे राहिलाय की गळतोय. मागे राहिला असेल तर बीएमएस कधीतरी समतोल साधेल, जरी माझ्या बीएमएसची ताकद ६० मिलिअँपिअरच आहे आणि तूट अडीच अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे चाळीसेक तास चार्जर लावून ठेवायचा. मी हिरवा दिवा लागला की लगेच काढतो, त्यामुळे त्याला कधी वेळच मिळालेला नाही.

२० तारखेच्या रविवारी दिवसभर समोर बसून चार्जर लावून ठेवला. बाल्कनीत, फरशीवर, जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवून. सहावा ३.९६ वर आला. मग आठ दिवस पॅकला हात लावला नाही. आज बाकीचे जागच्या जागी, सहावा ३.९१. माठ अर्धा भरलेला असणं वेगळं आणि गळका असणं वेगळं. हा गळका आहे.

१० ऑगस्ट

निकेल पट्ट्या कापण्याचं काम मी घरी केलं नाही. वागळे इस्टेटमध्ये पॅक बांधणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे बसून करून घेतलं. पट्टी उचलताच कारण दिसलं. सहावा गट केसिंगच्या खालच्या कोपऱ्यात, चार्जिंग पोर्टच्या बरोबर खाली. पोर्टचं रबर कडक झालेलं, तिथून पाणी झिरपलेलं. चारातल्या एका सेलच्या धन टोकाभोवती गंजाचं कडं. १८६५० ची गंमत अशी की वरचं टोपण धन आणि त्याला लागून असलेला खांदा ऋण. मधे मिलिमीटरभर जागा. तिथे ओल साचली की त्या वाटेनं सेल हळूहळू रिकामा होत राहतो आणि समांतर जोडलेल्या तिघांनाही रिकामं करतो.

चारही सेल ३.९५ वर वेगवेगळे ठेवले. आठ दिवसांनी तीन ३.९५, गंजलेला ३.७६.

तीन चांगले सेल परत वापरावेत असं कारागिराचं मत होतं. मी चारही नवे घातले, २६०० मिलिअँपिअर-तासांचेच. चार वर्षं चाललेल्या तिघांशेजारी एक नवा बसवला तर प्रवाहाची वाटणी सारखी होत नाही. जोडण्याआधी नवा गट बाकीच्या नऊ गटांच्या व्होल्टेजला आणून घेतला. स्पॉट वेल्डिंगच, सेलवर थेट सोल्डर करू देऊ नका, ती उष्णता आत जाते. चाळीसही धन टोकांवर बार्ली पेपरच्या (वीज न वाहणाऱ्या जाड कागदाच्या) चकत्या, पोर्टला नवं रबर. जुने सेल टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिले. ते सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, गाडीत दाबले गेले तर पेटतात.

२४ ऑगस्ट

सकाळी साडेसहाला निघालो, रस्ता ओला. येऊरचा अख्खा चढ एका दमात, डिस्प्ले एकदाही गेला नाही. पाटोणापाड्यापाशी झाडाखाली सायकल टेकवली आणि मीटर लावला (बारीक तारांना आता बाहेर एक झाकणाचं सॉकेट काढून घेतलंय). नऊ गट ३.८१ ते ३.८३, सहावा ३.८२. घरी येऊन काकांना वहीतलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दहाही आकडे एकेक करून वाचले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा बल्ब लावून बघ."

बल्ब माळ्यावर ठेवलेत. २४ सप्टेंबरला पुढची नोंद.