ड्रेन नट न खोलता ऑइल बदल: गेजच्या नळीतून उपसा, आजवरची नोंद

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मॅन्युअलमधली क्षमता फिल्टरसह 3.1 लिटर, फिल्टरशिवाय साधारण 2.9. चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, ड्रेन नट तिलाच असतो) अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणूनच ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या, म्हणजे गेजच्या नळीतून ते वरून उपसायचा हा खटाटोप. अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी नट दर वेळी जोर लावून आवळला की आटे हळूहळू मरतात, आणि नंतर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेचं वेटोळं) बसवा नाहीतर चेंबर बदला. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून गाडीखाली शिरायची सोयही नसते. बोटींच्या इंजिनांना खाली जागाच नसल्यामुळे तिथे वरून उपसणं ही नेहमीचीच रीत आहे.

साहित्य: हाताने मारायचा 6 लिटरचा व्हॅक्यूम पंप, 6 मिमी बाहेरील आणि 4 मिमी आतील व्यासाची नायलॉनची नळी, मापाचं भांडं, वजनकाटा. पाण्याची रिकामी बाटली वापरून घरगुती जुगाड करायचा विचार असेल तर सोडून द्या. निर्वात झाला की बाटली पापडासारखी चपटी होते. पारदर्शक पीव्हीसी आणि सिलिकॉनची नळीही नको. गरम ऑइलने ती मऊ पडते, आतल्या ओढीने चिकटते आणि पंपात बिघाड आहे असं उगाच वाटत राहतं. बॅटरीवर चालणारे 12 व्होल्टचे छोटे पंपही मिळतात. ते ऑइल आणि डिझेलपुरतेच. पेट्रोल उपसायला लावले तर आग लागायला मोटरची ठिणगी पुरते.

पहिला प्रयत्न, थंड इंजिन, 4 मिमीची (आतून 2.5) पातळ नळी: दहा मिनिटांत जेमतेम 300 मिली. थांबवला. पंप कितीही मारला तरी एका वातावरणापेक्षा जास्त ओढ मिळूच शकत नाही, त्यामुळे हातात दोनच गोष्टी उरतात: ऑइल पातळ करणं आणि नळी जाड घेणं. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. 2.5 वरून 4 मिमीवर गेलं की तीच ओढ साडेसहा पट ऑइल आणते. गेजच्या नळीत न अडकता जाईल तेवढी जाड नळी घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रयत्न, 6 मिमीची नळी, गाडी पंधरा मिनिटं चालवून आणल्यावर. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. हात भाजेल इतकं गरम नको. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवायचं, हवेला वाट हवी. सात-आठ मिनिटांत 2.4 लिटर आले आणि पंप खुर्र खुर्र करू लागला.

इथेच बहुतेकांचं काम फसतं. हवा ओढल्याचा आवाज आला म्हणजे चेंबर रिकामं झालं, असं नाही. नळी तळाला टेकल्यावरही ढकलत राहिलं की तिचं टोक वळून वर येतं आणि ऑइलच्या पातळीच्या वरची हवा ओढतं. उपाय सोपा आहे: घालण्याआधी नळी गेजच्या पट्टीशेजारी धरून पट्टीच्या लांबीवर चिकटपट्टीची खूण करायची. खुणेनंतर नळी अगदी हळू सरकवायची, तळाला टक्क लागलं की तिथेच थांबायचं. मग सेंटीमीटरभर वर घ्यायची, अर्धा वळसा फिरवायची, परत टेकवायची. टोक तिरपं कापलेलं असेल तर ते तळाला बसून बंद होत नाही. एवढ्या फिरवाफिरवीत आणखी 250 मिली निघालं. एकूण 2.65 लिटर, काट्यावर सुमारे सव्वादोन किलो (ऑइल लिटरला साधारण 850 ग्रॅम भरतं).

नळी बाहेर आली की तिची लांबी परत मोजा. टोकाचा तुकडा आत राहिला तर शेवटी चेंबरच उतरवावं लागतं. जुन्या गाड्यांत गेजच्या तोंडाशी असलेलं प्लास्टिक उन्हातान्हाने ठिसूळ झालेलं असतं, तिथेही नळी दामटू नका.

पडताळणी म्हणून या खेपेला ड्रेन नट खोलला. आणखी 140 मिली आलं, म्हणजे क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या आत. इतकं जुनं ऑइल राहिल्याने बिघडत नाही. पण काही इंजिनांत गेजची नळी तळाच्या खोलगट भागापर्यंत जातच नाही, किंवा मध्ये पत्रा आडवा येतो. तिथे अर्धा-पाऊण लिटरही मागे राहू शकतं. म्हणून ही पडताळणी प्रत्येकाने आपल्या गाडीवर एकदा करावीच, दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. नट लावताना वायसर नवा.

फिल्टर या गाडीत बाजूला आहे, वरून हात जातो. खाली चिंधी आणि प्लास्टिकची पिशवी धरली की सांडत नाही. जुना रबर इंजिनला चिकटून राहिला नाही ना ते बोटाने चाचपा. दोन रबर एकावर एक बसले तर सुरू करताच ऑइल फवाऱ्यासारखं उडतं. नव्या रबरला ऑइलचं बोट, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नाही. ज्यांचा फिल्टर खालूनच निघतो त्यांना गाडीखाली जावंच लागतं. मग वरून उपसण्यात फारसा अर्थ नाही.

भरताना सरळ 3.1 ओतायचं नाही. आधी 2.6 लिटर, मिनिटभर इंजिन, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझल्याची खात्री, पाच मिनिटं विश्रांती, मग गेज पाहून शंभर-शंभर मिलीने वर. जास्त झालं तर क्रँक (इंजिनचा फिरता दांडा) ऑइल घुसळून फेस करतो. अर्थात तीच नळी घालून जादाचं मिनिटात काढता येतं, नटवाल्यांना हे सुख नाही.

जळकं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये. सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवीला लावायला कुणी मागेल, देऊ नका; 2016च्या नियमांनुसार तो धोकादायक कचरा आहे. अधिकृत गोळा करणाऱ्याकडे माल देणाऱ्या गॅरेजमध्ये सोडा.

पुढची खेप: नट न खोलता. त्यानंतरच्या खेपेला नट परत उघडायचा, तळाच्या गाळात धातूची चमक दिसते का ते पाहायला. वरून उपसताना ती सहसा दिसत नाही.