आमची वाटचाल: आधी मीटरची पेटी, मग गच्ची

आमची फर्म मुळात सोलरची नव्हेच. घरांचं वायरिंग, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, गणपतीत मंडपाचं लायटिंग, एवढ्यावर चालायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान जाहीर झालं आणि वायरिंगची जुनी गिऱ्हाइकंच विचारू लागली, "आमच्या गच्चीवर बसेल का हो?"

सावली नसेल तर गच्चीवर बसतंच. खरी मेख खाली, मीटरपाशी. म्हणून आमचा वायरमन आधी पेटी उघडतो. सिंगल फेज की थ्री फेज, मंजूर भार (वीज कंपनीने घराला दिलेली विजेची मर्यादा) किती, न्यूट्रल घट्ट आहे का, अर्थिंग जिवंत आहे का. जुन्या घरांत हमखास दिसतं ते म्हणजे दोन तारा पिळून वर गुंडाळलेली चिकटपट्टी, तीही जळून काळी पडलेली.

एका वाडीत शेवटच्या खांबावरचं घर होतं. सोलर दुसऱ्या कुणी बसवलेलं. मालक म्हणाले, "दादा, भर दुपारी मशीन बंद पडतंय, प्लेटा खराब दिल्या वाटतं." प्लेटा उत्तम होत्या. खांबापासून घरापर्यंतची वायर लांब आणि बारीक. बाराच्या उन्हात उरलेली वीज बाहेर खांबाकडे ढकलताना इन्व्हर्टरपाशी, म्हणजे प्लेटांची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या त्या मशीनपाशी, 230 चं व्होल्टेज 260 च्या घरात जायचं आणि तो स्वतःला लाइनपासून तोडून घ्यायचा. जाड केबल ओढली, टोकांना लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपणं) दाबले, तक्रार मिटली.

थ्री फेज घरात सिंगल फेज इन्व्हर्टर चालतो; नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) तिन्ही फेजचा हिशेब एकत्र धरतो. तरी पाच किलोवॅटच्या पुढे आम्ही थ्री फेजच सुचवतो, एकाच फेजवर सगळा बोजा नको. मंजूर भार कमी असला तरी दहा किलोवॅटपर्यंत आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, भारही त्याप्रमाणे वाढवून मिळतो.

आणखी एक गोष्ट आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो: बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सोलरही बंद. खांबावर लाइनमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत करंट जाऊन कसं चालेल? हे ऐकून काहीजण हिरमुसतात.

केबल आणि अर्थिंगचा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. त्यामुळे आमचा आकडा मोठा दिसतो आणि काही कामं हातची जातात.